दुरुस्तीनंतर गाडी उत्सर्जन चाचणीला कशी तयार करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून किचकटाकडे. रोख ओबीडी-२ प्रणालीच्या, म्हणजे प्रदूषण आवरणाऱ्या यंत्रणांवर स्वतःच्या कॉम्प्युटरने लक्ष ठेवणाऱ्या गाड्यांवर आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ही प्रणाली सक्तीची आहे. युरोपात तिचंच भावंड असलेली ईओबीडी पेट्रोल मोटारींना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून आली. तुमच्याकडे फक्त सायलेन्सरच्या नळीत प्रोब घालून तपासत असतील, तर आधी प्रश्न १३ वाचा.

१. दुरुस्ती झाली, चेक इंजिनचा दिवाही गेला. आज संध्याकाळीच चाचणीला नेली तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. मेकॅनिकने भाग बदलून स्कॅनरने कोड (कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा क्रमांक) उडवला की दिवा लगेच जातो. पण त्याच क्षणी गाडीच्या कॉम्प्युटरने आजवर केलेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. चाचणी केंद्रातलं यंत्र ओबीडी पोर्टला जोडलं की ते मुख्यतः दोन गोष्टी पाहतं: दिवा लावायचा हुकूम कॉम्प्युटरने दिला आहे का, आणि त्याच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की गाडी परत पाठवतात. ती नापास झालेली नसते, तिची चाचणीच झालेली नसते; तरी हेलपाटा पडतोच.

म्हणून दुरुस्ती आणि चाचणी यांच्यात निदान आठवडाभराचं रोजचं वापरणं ठेवा. मुदतीच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजात टाकली, तर उत्तम काम होऊनही पंचाईत होते.

२. हे रेडीनेस मॉनिटर म्हणजे नक्की काय?

गाडीचा कॉम्प्युटर प्रदूषण आवरणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची ठरावीक परिस्थितीत परीक्षा घेतो. त्या परीक्षेला मॉनिटर म्हणतात आणि ती पूर्ण झाली की स्कॅनरवर त्या नावापुढे ‘रेडी’ दिसतं.

मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), इंधन प्रणाली आणि सेन्सरांच्या विद्युतजोडण्या यांवर इंजिन चालू असताना सतत लक्ष असतं, त्यामुळे हे तीन सहसा अडत नाहीत. बाकीचे योग्य परिस्थिती जुळली तरच चालतात: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा भाग, त्यालाच कॅटॅलिस्टही म्हणतात), ऑक्सिजन सेन्सर, त्या सेन्सरचा हीटर, ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) किंवा व्हॉल्व्ह टायमिंग, टाकीतल्या वाफा अडवणारी इव्हॅप यंत्रणा, आणि काही गाड्यांत सेकंडरी एअर (धुरात बाहेरची हवा सोडणारी यंत्रणा). तुमच्या गाडीत जे नाहीच त्याच्यापुढे ‘लागू नाही’ दिसेल. ते अपूर्णात मोजत नाहीत.

‘रेडी’चा अर्थ परीक्षा झाली एवढाच आहे. ती नापास झाली असेल तर कोड वेगळा नोंदला जातो (प्रश्न १० पाहा).

३. मॉनिटर कशाकशाने पुसले जातात? फक्त बॅटरी बदलली तरी?

हो, बऱ्याच गाड्यांत बॅटरीची तार काढल्यानेही. स्कॅनरने कोड उडवणं, बॅटरी सोडणं किंवा पूर्ण उतरणं, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर नव्याने भरणं, ही नेहमीची कारणं. ‘नुसती बॅटरी बदलली आणि चाचणी फेटाळली’ असे निरोप सारखे येतात, त्याचं कारण हेच. बॅटरी सोडल्यावर इंधनाचं आणि आयडलिंगचं शिकलेलं गणितही जातं, म्हणून पहिले एक-दोन दिवस गाडी जरा वेडीवाकडी चालू शकते.

मेकॅनिकला स्पष्ट सांगा: काम झाल्यावर एकदा कोड उडवलात ते ठीक, पण गाडी ताब्यात देताना ‘सहज म्हणून’ पुन्हा उडवू नका. केलेली सगळी चालवणूक त्या एका बटणाने शून्यावर येते.

४. कोड उडवायलाच हवा का? दिवा आपोआप जात नाही का?

जातो, आणि वेळ हाताशी असेल तर मी हाच रस्ता सुचवेन. दोष खरोखर गेला असेल आणि ती तपासणी लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (तपासण्या घडतील अशा, इंजिन सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतच्या फेऱ्यांत; प्रश्न ७ पाहा) पास झाली, तर कॉम्प्युटर स्वतःच दिवा विझवतो. कोडची नोंद त्यानंतर साधारण ४० वॉर्म-अप सायकलनंतर पुसली जाते. वॉर्म-अप सायकल म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सुरू केल्यापासून निदान २२ अंशांनी वाढून ७१ अंश सेल्सिअसच्या वर जाणं (डिझेलला ६०).

यात बाकीचे मॉनिटर ‘रेडी’च राहतात. शिवाय दुरुस्ती जमली की नाही याचा निकाल गाडी स्वतः देते, आणि तो निकाल कोणाच्याही तोंडी हमीपेक्षा भरवशाचा असतो. कन्व्हर्टर किंवा इव्हॅपचं काम असेल तर मात्र त्या तीन सायकली जमायलाच दिवस लागू शकतात. तिथे मुदत पाहून ठरवा.

५. एखादा मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो का?

ठिकाणावर आणि गाडीच्या वयावर अवलंबून. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या मार्गदर्शनानुसार १९९६ ते २००० च्या मॉडेलांना दोन आणि २००१ पासूनच्या मॉडेलांना एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतो. कॅलिफोर्निया अधिक कडक आहे. तिथे २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांना फक्त इव्हॅपची सूट आहे, १९९६ ते १९९९ च्या गाड्यांना कोणताही एक.

एक अपवाद ध्यानात ठेवा. गाडी आधी कन्व्हर्टरच्या कोडमुळे नापास झाली असेल, तर फेरतपासणीत कॅटॅलिस्टचा मॉनिटर पूर्णच लागतो. एकाची सूट आहे म्हणून नेमका तोच सोडून चालत नाही.

६. स्थिती घरीच कशी पाहू?

साधा ओबीडी स्कॅनर किंवा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. सोळा पिनांचा पोर्ट चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो. ॲपमध्ये ‘रेडीनेस’ शोधा. ‘कोड पुसल्यापासून’ आणि ‘या फेरीतले’ असे दोन तक्ते दिसले तर चाचणीसाठी पहिला महत्त्वाचा. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि ‘वॉर्म-अपची संख्या’ हेही पाहा. हेच आकडे चाचणी केंद्रालाही दिसू शकतात, तेव्हा काल रात्री कोड उडवल्याचं लपून राहत नाही.

काही गाड्यांत स्कॅनरशिवायही अंदाज येतो: इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’ला ठेवली आणि पंधरा-वीस सेकंदांनी चेक इंजिनचा दिवा काही वेळा लुकलुकला, तर मॉनिटर बाकी आहेत. प्रत्येक गाडीत ही सोय नसते. मालकपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

७. ड्राइव्ह सायकल नेमकी कशी करायची?

तुमच्या मॉडेलसाठी निर्मात्याने दिलेली पद्धत मिळाली तर तीच पाळा. ती हाताशी नसेल तर पुढचा क्रम बहुतेक पेट्रोल गाड्यांना लागू पडतो.

गाडी रात्रभर, निदान आठ तास, उभी राहू द्या. टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवा. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर राहू द्या. सेन्सरच्या हीटरची तपासणी याच वेळी होते, म्हणून चावी ‘ऑन’ ठेवून आधी स्कॅनरशी खेळत बसू नका, हीटर तेवढ्यात तापून जातो. मग शहरी वेगाने, थांबत-निघत, दहाएक मिनिटं चालवा. इंजिन पूर्ण गरम झालं की मोकळ्या रस्त्यावर ८० ते ९५ किलोमीटरच्या वेगात दहा-पंधरा मिनिटं एकसारखं चालवा. अॅक्सिलरेटरवरचा पाय स्थिर हवा. कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांची परीक्षा इथे होते आणि वारंवार कमी-जास्त केल्याने तीच मोडते. त्यानंतर अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून, ब्रेक किंवा क्लच न दाबता, गाडी गिअरमध्येच ३० च्या आसपास येऊ द्या. हे तीन-चार वेळा करा. बऱ्याच गाड्यांत ईजीआरची तपासणी अशा उतरत्या वेगात होते. शेवटी पुन्हा दोन मिनिटं आयडलिंग, आणि इंजिन बंद.

एका फेरीत सगळं होईल अशी अपेक्षा धरू नका. आणि रस्त्यावर गर्दी असेल तर हा प्रयोग करूच नका. मागच्या गाडीला तुमचा वेग का उतरतोय हे कळत नसतं. पहाटेची मोकळी वेळ बघा, शेजारी दुसरं माणूस बसवून स्कॅनर त्याच्या हाती द्या.

८. रोज गाडी वापरतो, आठवडा उलटला तरी दोन-तीन मॉनिटर ‘नॉट रेडी’च. गाडीत बिघाड आहे का?

आधी सवय तपासा, मग बिघाड. पाच-सात मिनिटांच्या फेऱ्यांत इंजिन धड गरम होत नाही आणि एकसारखा वेग मिळत नाही. अशा वापरात महिनाभरही कॅटॅलिस्ट पूर्ण होणार नाही.

लांब फेऱ्या करूनही अडत असेल तर सर्वांत आधी थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) पाहा. तो उघडा अडकला असेल तर पाण्याचं तापमान कमी राहतं, आणि तापमानाची अट न जुळल्याने बरेच मॉनिटर सुरूच होत नाहीत. दिवा लागलेला नसतानाही हे घडतं. स्कॅनरवर तापमान बघा. हमरस्त्यावर ते ७० च्या घरात घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट बदला. बरेच जण महागडे सेन्सर बदलत बसतात आणि दोष या स्वस्त भागात सापडतो, म्हणून हे ठासून सांगतो.

दुसरं कारण कमकुवत बॅटरी. व्होल्टेज फार खाली गेलं की कॉम्प्युटर तपासण्या थांबवतो, आणि सुरू करताना ते अगदीच कोसळलं तर काही गाड्यांत नोंदही पुसली जाते. तिसरं कारण म्हणजे मॉनिटरांचं एकमेकांवर अवलंबून असणं: ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा झाल्याशिवाय कॅटॅलिस्टची बऱ्याच गाड्यांत होतच नाही. त्यामुळे दोन्ही अडले असतील तर आधी सेन्सरकडे बघा. चौथं, पेंडिंग कोड (प्रश्न १०).

९. बाकी सगळं झालं, फक्त इव्हॅप अडकलाय. काय करू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि सर्वांत हट्टी मॉनिटर. तो टाकी, नळ्या आणि कोळशाच्या कॅनिस्टरमधून इंधनाची वाफ कुठे निसटते का हे बघतो. नव्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोकही त्याला सापडावं लागतं. एवढी बारीक गळती ओळखायची तर टाकीतलं इंधन शांत आणि हवामान बेताचं हवं, म्हणून अटी कडक आहेत.

टाकी बहुतेक गाड्यांत १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये हवी. पूर्ण भरून चाचणीला निघण्याची सवय इथे घात करते. सुरू करताना इंजिनचं पाणी आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं हवं, म्हणजे गाडी खरोखर रात्रभर उभी असायला हवी. बाहेरचं तापमान साधारण ४ ते ३५ अंशांत हवं. उन्हात तापलेल्या किंवा गोठलेल्या गाडीत कॉम्प्युटर परीक्षा घेतच नाही. फार उंचावरही, साधारण २,४०० मीटरच्या वर, बऱ्याच गाड्यांत ही तपासणी बंद राहते. खाचखळग्यांच्या रस्त्यावर इंधन हिंदकळलं तरी ती अर्धवट सुटते.

काही गाड्या ही तपासणी इंजिन बंद झाल्यावर करतात. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत चावी काढल्यावर सुमारे पाच तासांनी एक छोटा पंप आपोआप सुरू होतो आणि गळती पाहतो. अशा गाडीत रात्री ‘एकदा बघू’ म्हणून चावी फिरवलीत की ती संधी गेली. चांगली अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारा, गाडी सपाट जागी लावा आणि सकाळपर्यंत हात लावू नका.

टाकीच्या झाकणाचं रबर तडकलं आहे का पाहा. इंधन भरताना नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी दाबून भरू नका, जादा इंधन कॅनिस्टरमध्ये जाऊन कोळसा भिजतो. इंजिन चालू ठेवून इंधन भरल्याने गळतीचा खोटा कोड पडलेलाही दिसतो.

एवढं करूनही हलत नसेल, तर आधी प्रश्न ५ बघा. एकटा इव्हॅप बाकी असेल तर बऱ्याच ठिकाणी गाडी पास होऊ शकते.

१०. दिवा नाही, पण स्कॅनरवर पेंडिंग कोड दिसतो. चाचणी देऊ का?

नियमाने बहुतेक ठिकाणी पेंडिंग कोडवरून नापास करत नाहीत. तरी थांबा. बहुसंख्य दोषांना दिवा लावण्यासाठी लागोपाठ दोन फेऱ्यांत चूक दिसावी लागते. पेंडिंग म्हणजे पहिली दिसलेली आहे. पुढची फेरी कदाचित चाचणी केंद्राकडे जाणारीच असेल. शिवाय मिसफायरचा किंवा इंधन मिश्रणाचा पेंडिंग कोड असला की कॉम्प्युटर कॅटॅलिस्टसारखे मॉनिटर रोखून धरतो. दुरुस्तीनंतर तोच जुना कोड पेंडिंगमध्ये आला, तर काम झालेलं नाही असं समजा आणि गाडी परत न्या.

११. पी ०४२० साठी (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) नवा कन्व्हर्टर बसवला, तरी तोच कोड परत आला. फसवणूक झाली का?

लगेच तसं म्हणू नका. हा कोड कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या सेन्सरांची तुलना करून ठरतो. पुढचा सेन्सर वरखाली होत असताना मागचा जवळपास स्थिर राहिला तर कन्व्हर्टर काम करतो आहे. मागच्या सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडात गळती असेल तर बाहेरची हवा शिरून हे वाचन बिघडतं. इंजिन तेल जाळत असेल किंवा मिसिंग करत असेल तर नवा कन्व्हर्टरही काही महिन्यांत जातो. कन्व्हर्टर आपणहून क्वचित मरतो, सहसा त्याच्याआधीचं काहीतरी त्याला मारतं, आणि ते शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर कन्व्हर्टरला इजा करणारं मिसफायर चालू आहे. ड्राइव्ह सायकल वगैरे विसरा आणि गाडी हळू चालवत गॅरेजात न्या.

१२. कोड उडवला, तरी ‘परमनंट’ म्हणून दिसतोच. तो कसा काढायचा?

साधारण २०१० च्या मॉडेलांपासून ही सोय आली. परमनंट कोड स्कॅनरने किंवा बॅटरी काढून जात नाही. ती यंत्रणा पुन्हा तपासून ठीक आढळली की कॉम्प्युटर स्वतःच तो काढतो. कोड उडवून घाईने चाचणी देणाऱ्यांना अडवायलाच तो आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून चाचणीत तो बघतात. मात्र कोड पुसल्यावर गाडी निदान २०० मैल चालली असेल आणि १५ वॉर्म-अप सायकली झाल्या असतील, तर तिथे तो दुर्लक्षित करतात. बाकी उपाय प्रश्न ७ मधलाच.

१३. आमच्याकडे नळीत प्रोब घालून वायू मोजतात. मग हे सगळं मला कशाला?

मॉनिटरचा हिशोब तुम्हाला लागू नाही, पण दुरुस्ती टिकली का हे त्यातून कळतं. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे उष्णता. कन्व्हर्टर २५०-३०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून वीसेक मिनिटं चालवून थेट तपासणीला उभं राहा. रांगेत बराच वेळ आयडलिंगवर गेला तर तो पुन्हा थंडावतो.

आधीचा अहवाल हाती असेल तर तो वाचायला शिका. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रणात इंधन जास्त. एअर फिल्टर, इंजेक्टर, सेन्सर बघा. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे इंधन न जळता बाहेर पडतं आहे, बहुधा मिसफायर. नायट्रोजन ऑक्साइड जास्त म्हणजे ज्वलन फार तापतं आहे. ईजीआर चोक झालेला असू शकतो. इंजिन बराच काळ जादा इंधनावर चाललं असेल तर दुरुस्तीनंतर तेलही बदला. तेलात मिसळलेलं पेट्रोल वाफ होऊन इंजिनात परत येतं आणि आकडे वाढवतं.

१४. डिझेल गाडीला वेगळं काही?

मॉनिटरांची नावं वेगळी: पार्टिक्युलेट फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइडची यंत्रणा, बूस्ट दाब, एक्झॉस्ट सेन्सर. फिल्टर भरला की गाडी तो सुमारे ६०० अंशांना तापवून काजळी जाळते. ते चालू असताना चाचणी देऊ नका आणि मध्येच इंजिनही बंद करू नका. फक्त शहरात फिरणाऱ्या डिझेलला चाचणीआधी अर्धा तास हमरस्ता द्यावाच.

१५. हायब्रिडमध्ये इंजिन मधेच बंद होतं. मॉनिटर पूर्ण कसे होणार?

होतात, फक्त वेळ लागतो. हमरस्त्यावर इंजिन सतत चालू राहील अशी लांब फेरी घ्या. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचा मेंटेनन्स मोड असतो. तो जागेवरच्या तपासणीसाठी आहे, रस्त्यावर चालवण्यासाठी नाही.

१६. इंधनात घालायच्या बाटल्या, सेन्सरखाली बसवायचा स्पेसर, दिव्याचा बल्ब काढणं, यांतलं काही चालतं का?

चांगल्या क्लीनरने इंजेक्टरवरची थोडी घाण निघते. मेलेला कन्व्हर्टर त्याने जिवंत होत नाही. स्पेसर म्हणजे सेन्सरला फसवणं, आणि अनेक ठिकाणी तो कायदेशीर गुन्हा आहे. बल्ब काढला तर चावी ‘ऑन’ केल्यावर दिवा लागत नाही आणि तेवढ्यावरच नापास करतात. यंत्र दिव्याचा हुकूम थेट कॉम्प्युटरकडून वाचतं, त्यामुळे उपयोगही शून्य. तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो. या वाटेला जाऊ नका.

१७. सगळं करून पाहिलं, तरी एक मॉनिटर कधीच पूर्ण होत नाही. गाडीतच काही असेल का?

शक्य आहे. काही मॉडेलांच्या सॉफ्टवेअरमध्येच त्रुटी होत्या, आणि निर्मात्यांनी त्यासाठी सर्व्हिस बुलेटिन व सुधारित सॉफ्टवेअर काढलं. ईपीएने जुन्या गाड्यांची अशी यादीच केली होती: १९९६ च्या सुबारूंमध्ये चावी बंद केली की रेडीनेस पुसला जाई, आणि १९९७ च्या टोयोटा टर्सेल व पासेओमध्ये इव्हॅप कधीच ‘रेडी’ होत नसे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी क्रमांक देऊन तुमच्या गाडीसाठी बुलेटिन आहे का ते विचारा. नवं सॉफ्टवेअर भरल्यावर मॉनिटर पुन्हा शून्यापासून सुरू होतात, तेव्हा ते काम मुदतीच्या बरंच आधी करा.

बुलेटिन नसेल, तर दुरुस्तीची बिलं, स्कॅनरवरच्या नोंदी आणि किती अंतर चालवलं त्याचा पुरावा घेऊन चाचणी यंत्रणेच्या तक्रार किंवा रेफरी विभागाकडे जा. अशा गाड्यांसाठी वेगळी तपासणी किंवा मुदतवाढ द्यायची सोय अनेक ठिकाणी असते. मात्र ती मुदत संपण्यापूर्वी मागावी लागते. आणि चावी बंद केल्यावर नोंद पुसणारी गाडी असेल, तर घरातून निघाल्यापासून चाचणी होईपर्यंत इंजिन बंद करू नका. तपासनिसाला पोर्ट जोडण्याआधीच हे सांगून ठेवा.